आठ नळ्या निळ्या झाल्या नाहीत

देवाने आपल्याला खूण दाखवली असं सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना मी कधी हसले नाही, पण खरं सांगायचं तर मनातून कधी मानलंही नाही. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. पहिली आठ-नऊ वर्षं मी विठ्ठलाजवळ एकच मागणं मागत राहिले. मग ते मागणं आपोआप बंद पडलं. रागावले नव्हते मी. मागून मागून जीभ थकली, इतकंच. दिवा लावत होते, एकादशी करत होते, ह्यांच्या भजनाला टाळ धरून बसत होते. पण ते सगळं हाताच्या सवयीने चाललं होतं, काजं करताना सुई चालते तसं. ह्यांना ते ठाऊक होतं. ते कधी बोलले नाहीत, फक्त अभंग म्हणताना माझ्याकडे बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

कुंभकोणम्‌च्या बाजारात आमचं शिवणकामाचं दुकान होतं. पूर्वज कधीतरी तंजावूरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. उंबऱ्याच्या बाहेर आम्ही तमिळ बोलतो, आत मराठी, आणि ती मराठीही अशी जुनी की पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाने ऐकली तर त्याला आपला पणजोबा बोलतोय असं वाटावं. घरात आम्ही तिघंच होतो. हे, मी आणि ह्यांची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणायचे. लहानपणीच विधवा झालेली, ह्यांना आईसारखी.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. कार्तिक अमावास्येला तिरुविसनल्लूरच्या मठातल्या विहिरीत गंगा येते, म्हणून आमच्या भागातली माणसं पहाटेपासून तिथे स्नानाला जातात. दरवर्षी हे एकटे जायचे. त्या वर्षी अक्काने हट्टाने मलाही जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, बसवलं. स्नान झालं, डोक्यावर गार पाणी पडलं, आणि मला काहीच वाटलं नाही. उलट एवढ्या माणसांना काय वाटत असेल याचं कोडं पडलं. परतताना हे पोटात जड वाटतंय एवढंच म्हणाले. गावाची वेस आली आणि एकदम पुढे वाकले, गुडघे पोटाशी घेतले. मी खांद्याला हात लावला तर सदरा घामाने भिजलेला. सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले असतील. घोडा हाकणाऱ्याने मी सांगायची वाट न पाहता गाडी सरळ दवाखान्याकडे वळवली.

दवाखाना म्हणजे एका डॉक्टरांचं लहानसं खासगी इस्पितळ, आठ-दहा खाटांचं. डॉक्टर पन्नाशीचे, शस्त्रक्रियेत हात बसलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी ह्यांचं पोट बराच वेळ तपासलं. हळू दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. मध्ये दोनदा ओकारी झाली. मग मला व्हरांड्यात बोलावून त्यांनी तमिळमध्ये सांगितलं की जठराला जखम असावी आणि ती फुटली असावी. तसं असेल तर दुपारपर्यंत पोट उघडून शिवायला हवं, उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही.

“तसं असेल तर, म्हणजे?” मी विचारलं.

दुसरं एक दुखणं असंच दिसतं, ते म्हणाले. पोटाच्या मागच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिला सूज येते. ‘कणैयम्’ असा शब्द त्यांनी वापरला. मी तो जन्मात ऐकला नव्हता. ते दुखणं असेल तर मात्र सुरी लावणंच जिवावर बेतू शकतं. त्यात पोट उघडायचं नसतं, त्याला विश्रांती द्यायची असते. ह्यांची कळ पाठीत जात होती आणि पोट फळीसारखं कडक लागत नव्हतं, म्हणून त्यांना शंका होती. पण नुसत्या शंकेवर थांबणं धोक्याचं. क्ष-किरणाचं चित्र काढायला तंजावूरला न्यायला हवं होतं, आणि ह्यांची नाडी अशी होती की वाटेतलं पापनाशम् येईपर्यंतदेखील मोटारीतला प्रवास सोसला नसता. रक्ताची एक चाचणी असते, तिने बरंच कळलं असतं. पण ती करणारा त्यांचा माणूस अमावास्येसाठी गावी गेला होता, आणि डॉक्टरांनी स्वतः ती शिकत असताना केली होती, त्यालाही बरीच वर्षं लोटली होती.

एक कागद त्यांनी माझ्या हाती दिला. शस्त्रक्रियेला संमती. सही कुठे करायची तेही दाखवलं आणि ते आत गेले.

अक्का ह्यांच्या खाटेजवळ होती. मी बाकावर बसले. कागद मांडीवर. सही केली आणि दुखणं दुसरं निघालं तर मी माझ्या हाताने ह्यांना घालवलं असतं. नाही केली आणि जठरच फुटलेलं असलं तर तेच. किती तरी वर्षांनी माझ्या तोंडून हाक निघाली, आणि तीही मोठ्याने निघाली हे मला कळलं नाही. “विठ्ठला, आतां मीं काय करूं?”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ बसले होते. पायाला नवी पट्टी बांधलेली, शेजारी कापडी पिशवी. त्यांनी चमकून मान वळवली.

“बाई, तुम्ही मराठी?”

त्या गावात अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी ऐकणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. मी होय म्हटलं आणि मग थांबवेना. विहीर, जटका, डॉक्टर, कागद, सगळं सांगून टाकलं. माझं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की डॉक्टरांनी चाचणीचं नाव काय सांगितलं. मला नाव माहीत नव्हतं. रक्ताची, त्या मागच्या ग्रंथीची, असं मी म्हणाले.

“स्वादुपिंड,” ते म्हणाले. “ही चाचणी मी केलेली आहे. एकदा नव्हे, शेकडो वेळा.”

त्यांचं नाव शंकरराव. साताऱ्याकडचे. महायुद्धात फौजेच्या इस्पितळात रक्त-लघवी तपासायच्या खोलीत काम केलेलं, आणि नंतर साताऱ्याकडेच एका सरकारी दवाखान्यात तेच काम. आईच्या अस्थी रामेश्वरला पोचवून परत निघाले होते, वाटेत इथली देवळं पाहायला एक दिवस उतरले. अनवाणी प्रदक्षिणा घालताना पायात काच गेली. ती काढून घ्यायला ते या दवाखान्यात आले होते. नाहीतर सकाळच्या गाडीने गेले असते.

लंगडत ते डॉक्टरांच्या खोलीत गेले, मी मागे. डॉक्टरांनी त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारले, बरेच विचारले. उलटतपासणीच चालली होती. मला भाषा कळत नव्हती, पण तिसऱ्या-चौथ्या उत्तरानंतर डॉक्टरांचा आवाज बदललेला कळला. शेवटी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मला तमिळमध्ये म्हणाले, “तीन वाजेपर्यंत थांबतो. त्याच्या आत पोट कडक होऊ लागलं तर ही चाचणी असो नसो, मी आत घेणार.” मी मान हलवली. बाराला थोडा अवकाश होता.

पुढचं मी जवळून पाहिलं, कारण शंकररावांना उभं राहून दोन्ही हातांची कामं जमत नव्हती आणि दवाखान्यातली एकमेव परिचारिका ह्यांच्यापाशी होती. ह्यांच्या दंडातून त्यांनी रक्त काढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले की आणखी एका माणसाचं रक्त लागेल, निरोगी माणसाचं. चाचणीत वापरायचं खळीचं पाणी जुनं असेल, आयोडीन उतरलेलं असेल, तर चाचणी खोटं बोलेल. शेजारी निरोगी रक्त ठेवलं की खोटं लगेच उघडं पडतं. मी हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा माझं रक्त कुणी काढलं, पण सुई टोचलेली मला आठवत नाही.

रक्त गोठायला ठेवलं. मग गोठलेला भाग खाली बसावा म्हणून त्या नळ्या एका हाताने फिरवायच्या यंत्रात घालायच्या होत्या. “एकसारखं फिरवायला हवं, झटके न देता. जमेल?” त्यांनी विचारलं. मी दांडा धरला. घरच्या हातमशीनवर मी वर्षानुवर्षं टीप घातली होती, दांडा एकसारखा कसा फिरवायचा हे मला कुणी शिकवायला नको होतं. थांबल्यावर वर फिकट पिवळं पाणी दिसलं. रक्तातून असं स्वच्छ पाणी निघतं हे मला माहीत नव्हतं.

काम करता करता ते मला समजावत होते. स्वादुपिंड दोन कामं करतं. एक, रक्तातली साखर सांभाळणं. दुसरं, अन्न पचवायचा रस करून आतड्यात सोडणं. भातातली, बटाट्यातली खळ त्या रसाने विरघळते. ग्रंथी सुजली की रस आतड्यात जायचा तो रक्तात मिसळतो. तेव्हा रक्तातलं ते पाणी घ्यायचं, खळीचं पाणी त्यात घालायचं आणि पाहायचं की खळ उरते की पचून जाते. खळ उरली तर आयोडीनचा थेंब पडताच निळं होतं. पचली असेल तर निळं होत नाही.

त्यांनी नळ्या ठेवायच्या दोन लाकडी घोड्यांमध्ये दहा-दहा काचनळ्या उभ्या केल्या. एका घोडीत ह्यांचं रक्त, एकीत माझं. पहिल्या नळीत जितकं, त्याच्या निम्मं दुसरीत, त्याच्या निम्मं तिसरीत, असं दहावीपर्यंत पातळ करत गेले. सगळ्यांत खळीचं पाणी सारखं. मग दोन्ही घोड्या कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवल्या. पाणी अंगाच्या उबेइतकंच राहायला हवं होतं, म्हणून त्यात तापमापक उभा केला होता. “आता अर्धा तास,” ते म्हणाले. “आता आपल्या हातात काही नाही.”

त्या अर्ध्या तासाबद्दल मला सांगायचं आहे, आणि तेच नीट सांगता येत नाही. मी पुन्हा व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन प्रार्थनेला बसले. पण मागू काय? मला कुठलं दुखणं हवं होतं? जठर फुटलेलं हवं की ग्रंथी सुजलेली? दोन्हींत मरण होतं, दोन्हींत वाचण्याची वाट होती. आणि जे व्हायचं ते ह्यांच्या पोटात कधीच होऊन गेलं होतं. माझ्या मागण्याने काय ते बदलणार? लग्नानंतरची आठ-नऊ वर्षं मी देवाला काय द्यायचं ते सांगत राहिले होते. त्या बाकावर पहिल्यांदा सांगायला काही उरलं नाही. मी एवढंच म्हटलं की जे असेल ते दिसू दे, आणि जे दिसेल ते झेपू दे. मग तेही म्हणायचं थांबलं. शेजारच्या खोलीत ह्यांचं कण्हणं ऐकू येत होतं, अक्का हळू आवाजात नाम घेत होती. मला भीती होती, पण भीतीच्या खाली काहीतरी स्थिर होतं, आणि ते माझं नव्हतं. इतकंच.

अर्ध्या तासाने त्यांनी नळ्या काढून गार पाण्यात धरल्या आणि डॉक्टरांना बोलावलं. आधी माझ्या नळ्यांत थेंब सोडले. पहिल्या दोन पिवळट राहिल्या, तिसरी जांभळट लाल झाली, आणि चौथीपासून पुढे एकामागून एक सगळ्या निळ्या. सुरेख, गडद निळ्या. “खळ ठीक, आयोडीन ठीक,” शंकरराव म्हणाले. मग ह्यांच्या. पहिली पिवळी. दुसरी, तिसरी पिवळी. चौथीत थेंब पडला. पिवळी. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. नववी जराशी लालसर झाली आणि दहावी एकटी निळी.

डॉक्टर वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग ह्यांच्या खोलीत गेले आणि पुन्हा पोट तपासलं. मी दारात उभी. जठर फुटलं तरी हा आकडा थोडा चढतो, त्यांनी मागाहून सांगितलं, म्हणून नुसत्या नळ्यांवर निर्णय करायचा नसतो. हात काय सांगतो आणि नळी काय सांगते, दोन्ही जुळावं लागतं. पण इतका चढत नाही. आणि पोट तीन तासांत कडक झालेलं नव्हतं. दोन्ही जुळलं.

बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. “सुरी नको,” ते म्हणाले.

ह्यांच्या नाकातून नळी घालून जठर रिकामं ठेवलं, शिरेतून सलाइन दिलं, वेदनेवर इंजेक्शनं दिली. तोंडाने पाण्याचा थेंब नाही. पहिले दोन दिवस कठीण गेले. नाडी कधी सापडायची, कधी हरवायची. शंकररावांनी साताऱ्याला तार केली आणि आमच्या घरी राहिले. अक्काने केलेलं साधं सांबार-भात जेवायचे आणि आमची मराठी ऐकून हसायचे. त्यांच्या घरच्या जुन्या कागदांतले शब्द आम्ही रोज बोलतो, असं म्हणायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा रक्त तपासलं. या वेळी निळा रंग पाचव्या नळीतच आला, जवळजवळ माझ्यासारखा. मला वाटलं, संपलं दुखणं. मी अक्काला सांगून पातळ कांजी करून घेतली आणि डब्यात घालून नेली. डॉक्टरांनी डबा दारातच अडवला. रक्तातला तो रस दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो, ते म्हणाले, पण म्हणून ग्रंथीची सूज उतरली असं नव्हे. दाह आत तसाच असू शकतो. रोग्याकडे बघा, नळीकडे नंतर. ह्यांना अजून ताप होता, पाठीत कळ होती. मी डबा परत नेला. तेव्हाच मला दुसरी गोष्टही लख्ख कळली. ही साक्ष रक्तात दोन-तीन दिवसच टिकते. शंकररावांना यायला तेवढा जरी उशीर झाला असता, तरी त्यांना त्या नळ्यांत काही दिसलं नसतं.

मी ते त्यांना बोलून दाखवलं. तुम्हांस विठ्ठलानेंच धाडलें, असं मी म्हटलं. ते संकोचले. “मला काचेने धाडलं, वहिनी,” ते म्हणाले. “देवाचं मला कळत नाही. मला नळ्या कळतात.” मी वाद घातला नाही. ज्याच्या हातून काम होतं त्याने ते आपल्या नावावर घेऊ नये, आणि कुणाच्या नावावर आहे तेही त्याला ठाऊक नसावं, यात मला काही खटकलं नाही.

आठव्या दिवशी ह्यांना डॉक्टरांच्या सांगण्यावरून कांजीचे चार चमचे दिले. आठवडाभर रक्तातली साखर वाढलेली होती, तीही हळूहळू उतरली. मूळ कारण पित्ताशयातले खडे असावेत असं डॉक्टरांना वाटत होतं. ते खरं निघालं. तीन महिन्यांनी, सूज पुरती गेल्यावर, अंगात ताकद आल्यावर, त्याच डॉक्टरांनी ते खडे काढले. त्या वेळी मी संमतीच्या कागदावर लगेच सही केली.

पण मला सांगायचं आहे ते दहाव्या दिवसाचं. ह्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. आवाज अजून खोल गेलेला. त्यांना काहीच आठवत नव्हतं, म्हणून मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाक, शंकरराव, माझं काढलेलं रक्त, यंत्राचा दांडा, दोन घोड्या. त्यांच्या आठ नळ्या कशा पिवळ्या राहिल्या हे सांगताना मला रडू आलं. ते ऐकत होते. मला वाटलं आता ते देवाचं नाव घेतील, किंवा शंकररावांचं. त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि सुई टोचलेली जागा शोधू लागले. तिथे आता काही दिसत नव्हतं.

“आणि तुझ्या?” त्यांनी विचारलं. “तुझ्या सगळ्या निळ्या झाल्या ना?”

चौथीपासून पुढे सगळ्या, मी म्हटलं.

“मग बरें,” ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

चौदा वर्षं मी जे मिळालं नाही त्याच्याकडे बघत बसले होते, आणि हा माणूस माझ्या शेजारी बसून अभंग म्हणत होता.

त्यानंतर आम्हाला मूल झालं असं लिहिता आलं असतं तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. हे मात्र पुष्कळ वर्षं जगले, तेलकट सोडून सगळं खात, दुकान सांभाळत, भजन म्हणत. वर्षा-सहा महिन्यांनी रक्तातली साखर बघायला आम्ही दवाखान्यात जायचो आणि निकालाची वाट पाहत व्हरांड्यात बसायचो. ह्यांना झोप लागायची. मी जागी असायचे. देवाजवळ काही मागायचं नाही असा माझा नेम नव्हता. मनात यायचं ते मागायचे, माणसाने का मागू नये? पण मागून झालं की पुढचं त्याच्यावर सोडून द्यायचे, आणि ह्यांची मान खांद्यावर कलली की ती तशीच राहू द्यायचे. तेवढ्या वेळात मला दुसरं काही नको असायचं, आणि ते मला दिलेलं होतं.